'येथे' म्हणजे कोठे? : लॉगऑन स्क्रिप्ट आणि दूरस्थ सत्राची ओळख

'येथे', 'तेथे', 'आत्ता' या शब्दांचा अर्थ केवळ कोशावरून निश्चित होत नाही. बोलणारा कोठे आणि केव्हा बोलत आहे हे कळल्यावाचून तो अपुराच राहतो. संगणकाच्या व्यवहारात हाच प्रश्न एका निराळ्या वाटेने उपस्थित होतो. मनुष्य एका ठिकाणी बसलेला आणि त्याचे काम करणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच ठिकाणी चाललेला असेल, तर त्या प्रोग्रॅमने 'येथे' म्हणजे कोठे समजावे?

रिमोट डेस्कटॉपमुळे ही स्थिती नित्याची झाली आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती प्रसिद्ध केली. २००९ च्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून या सोयीस रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस हे नाव मिळाले. या व्यवस्थेत एकाच सर्व्हरवर अनेकांची स्वतंत्र सत्रे एकाच वेळी चालतात. वापरणाऱ्याच्या टेबलावरील यंत्राकडे मुख्यत्वे पडद्यावरील चित्र येते आणि तेथून कळफलकाचे व माऊसचे संकेत सर्व्हरकडे जातात.

वापरणाऱ्याने प्रवेश करताच जी आज्ञावली आपोआप चालते तिला लॉगऑन स्क्रिप्ट म्हणतात. सामायिक ड्राइव्ह जोडणे, प्रिंटर नेमून देणे ही तिची नेहमीची कामे. ती सामान्यतः व्यक्तीच्या खात्याशी बांधलेली असते, यंत्राशी नव्हे. म्हणून तीच स्क्रिप्ट विभागातील संगणकावरही चालते आणि सर्व्हरवरील सत्रातही चालते. समजा, एक प्राध्यापक घरून सर्व्हरवर प्रवेश करून प्रश्नपत्रिका सिद्ध करीत आहेत. स्क्रिप्टने सवयीप्रमाणे विभागातील प्रिंटर जोडला, तर ती गोपनीय प्रश्नपत्रिका कोणीही उचलून न्यावी अशा रीतीने तेथे छापून पडेल. तेव्हा स्थळाची ओळख हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे.

या ओळखीत तीन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात आणि ते वेगळे करणे हे पहिले काम होय. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला काही नामांकित चले पुरविते. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर चालला आहे हे 'कॉम्प्युटरनेम' या चलावरून कळते. सत्र कोणत्या मार्गाने जोडले आहे हे 'सेशननेम' सांगते: यंत्रासमोर बसून प्रवेश केला असेल तर त्याचे मूल्य 'कन्सोल' असते, दूरस्थ सत्रात ते 'आरडीपी-टीसीपी' या अक्षरांनी सुरू होते आणि पुढे क्रमांक येतो. मनुष्य कोणत्या यंत्रापाशी बसला आहे याचे उत्तर 'क्लायंटनेम' या चलात मिळते. दूरस्थ सत्रात पहिले आणि तिसरे उत्तर भिन्न असते, आणि प्रिंटर निवडताना उपयोगी पडते ते तिसरे.

यानंतर सर्व्हरचा प्रकार पाहावा लागतो. दूरस्थ सत्र दिसले म्हणून ते सर्वांसाठी उघडलेल्या सर्व्हरवरचेच असेल असे नाही. व्यवस्थापनासाठी कोणत्याही विंडोज सर्व्हरवर दोन दूरस्थ सत्रे चालू शकतात. हा भेद विंडोजच्या डब्ल्यूएमआय या माहितीभांडारातील 'टर्मिनलसर्व्हरमोड' या गुणधर्मावरून कळतो: ० म्हणजे केवळ व्यवस्थापन, १ म्हणजे अनेकांसाठी खुला सर्व्हर. स्क्रिप्टमध्ये सर्व्हरांची नावेच लिहून ठेवण्याचा मार्ग सोपा दिसतो खरा. परंतु नवा सर्व्हर जोडला की ती यादी खोटी ठरते.

येथवरची रीत सरळ वाटली तरी तीत तीन ठिकाणी फसगत होते. पहिली फसगत अभावाविषयी आहे. स्क्रिप्ट चालते त्या क्षणी 'सेशननेम' व 'क्लायंटनेम' ही चले कधी कधी अद्याप भरलेली नसतात. 'मूल्य आरडीपीने सुरू होत नाही, म्हणून हे सत्र दूरस्थ नाही' असा निष्कर्ष काढणारी स्क्रिप्ट अशा वेळी चुकते. 'लाडू' या शब्दास अनेकवचनाचा प्रत्यय दिसत नाही, म्हणून लाडू एकच आहे असे कोणी म्हणत नाही; 'लाडू आला' की 'लाडू आले' हे क्रियापदाकडे पाहून ठरते. तद्वत रिकाम्या चलाचा अर्थ 'अनिश्चित' असा घेऊन दुसरी साक्ष काढली पाहिजे. प्रचलित सत्राचा मार्ग व क्लायंटचे नाव प्रत्यक्ष विंडोजला विचारण्याची सोय 'डब्ल्यूटीएसक्वेरीसेशनइन्फर्मेशन' या फंक्शनमध्ये आहे.

दुसरी फसगत काळाविषयी आहे. प्राध्यापकांनी विभागात असताना सत्र सोडून दिले, पण बंद केले नाही, आणि रात्री घरून त्याच सत्राशी पुन्हा जोडून घेतले, तर लॉगऑन स्क्रिप्ट पुन्हा चालत नाही. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमांजवळ जुनेच चल राहते. सकाळच्या 'येथे'ला रात्रीही 'येथे'च मानले जाते. यावर उपाय असा की, टास्क शेड्यूलरमध्ये सत्राशी जोडणी होताच चालणारे कार्य नेमावे व तेथे ही तपासणी पुन्हा करावी.

तिसरी फसगत विश्वासाविषयी आहे. क्लायंटचे नाव हे समोरच्या यंत्राने स्वतःविषयी केलेले निवेदन होय. यंत्राचे नाव बदलता येते. म्हणून त्या नावाच्या आधारे प्रिंटर सुचवावा, परंतु गोपनीय कागदपत्रांचा अधिकार देऊ नये. अधिकार हा खात्यावर व त्याच्या गटावर आधारलेला असावा.

केवळ सर्व्हरवरील सत्रांना निराळी वागणूक द्यावयाची असेल, तर ग्रुप पॉलिसीतील लूपबॅक या सोयीने यंत्राच्या स्थानानुसार स्क्रिप्ट नेमता येते आणि त्यापुरता ओळखीचा प्रश्नच उरत नाही. परंतु मनुष्य कोठे बसला आहे हे ज्या कामात जाणून घ्यावयाचे आहे, तेथे स्क्रिप्टला विचारावेच लागते. तिने दिलेले उत्तर हे एका क्षणाची साक्ष असते. ते कोणी दिले आणि केव्हा दिले हे ध्यानात ठेवूनच त्याचा उपयोग करणे युक्त होय.