शाळेच्या कपाटात पुरस्कारांचा एक कप्पा

पावसाळ्यात आमच्या मालवण-देवगड पट्ट्यात खेळाचा तास बहुतेक वर्गातच जातो. तोच तास ग्रंथालयाला द्या!

साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार देते. मराठीत दिलीप प्रभावळकरांचं ‘बोक्या सातबंडे’ (२०११), सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (२०२२), भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४) ही त्यातली काही. एवढ्यांनी सुरुवात करा. पुस्तकं कुलूपबंद कपाटात नकोत, मुलांच्या हाताला येतील अशी ठेवा. दमट हवा पानांना बुरशी आणते, म्हणून मधूनमधून ऊन दाखवा.

ब्रिटनमध्ये बालसाहित्याच्या कार्नेगी पदकाच्या अंतिम यादीतली पुस्तकं शाळांमधले वाचनगट वाचतात आणि आपली पसंती ठरवतात. आपल्याकडेही हे सहज जमेल: पाच पुस्तकं, प्रत्येकामागे एक कोरा कागद, वाचून झालं की दोन ओळींचं मत आणि शेवटी गुप्त मतदान. परीक्षा नको, सारांशलेखन तर मुळीच नको. त्यानेच मुलं पुस्तकापासून पळतात.

या पुस्तकांशेजारी आपल्या भागातले लेखकही ठेवा. ज्ञानपीठ मिळवणारे विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. त्यांचं ‘एटू लोकांचा देश’ पहिली-दुसरीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, वर्ग डोक्यावर घेतील!

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे. मतदानाचा निकाल त्या दिवशी लावा आणि मुलांनी कोणतं पुस्तक निवडलं, ते इथे नक्की कळवा.