फोटोवरून पायाचं माप घेताय? आधी सॉफ्टवेअरला मिलिमीटर शिकवा

ऑनलाइन ऑर्डर घेऊन चपला विकायच्या म्हटलं की पहिली अडचण मापाची. गिऱ्हाईक दुकानात असेल तर पाय पुढे करतं, विषय संपला. पण गिऱ्हाईक पुण्यात किंवा परदेशात असेल तर आपल्या हातात येतो फक्त व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो. त्यावरून माप काढायला मी इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत ते तयार झालं. शास्त्रज्ञ त्यावर पेशी मोजतात, आपण पाय मोजू. फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

पण एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. सॉफ्टवेअरला फक्त पिक्सेल कळतात. तुमच्या फोटोतला पाय 1976 पिक्सेल लांब आहे एवढंच ते सांगेल. ते 24 सेंमी की 27, हे आपण शिकवायचं. या शिकवण्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

आणि इथे चूक परवडत नाही. आपल्याकडे चपलेवर 6, 7, 8 लिहिलेलं असतं ना, त्या ब्रिटिश पद्धतीत लागोपाठच्या दोन नंबरांत फरक असतो इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साधारण 8.5 मिमी. पाय 250 मिमीचा असेल आणि तुमचं कॅलिब्रेशन 3 टक्क्यांनी चुकलं, तर 7.5 मिमी गेले. म्हणजे जवळजवळ एक नंबर गेला. मापाने करून घेतलेली कोल्हापुरी दुसऱ्या कोणाला विकताही येत नाही पटकन.

पद्धत सांगतो. गिऱ्हाइकाने ए-फोर कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि पाय काढून घेऊन फक्त कागदाचा फोटो काढायचा. थेट पायाचा फोटो घेऊ नका. कारण पायाला उंची आहे. फोन 50 सेंमीवर असेल तर जमिनीपासून 5 सेंमी उंच असलेला भाग जवळपास 11 टक्के मोठा दिसतो (50 भागिले 45, करून बघा). कागद जमिनीवर, टाच हवेत, मग एकाच्या स्केलने दुसरं मोजून कसं चालेल? ज्याने स्केल ठरवायची आणि जे मोजायचं, ते दोन्ही एकाच पातळीत हवं.

फोटो इमेजजेमध्ये उघडा. सरळ रेघेचं टूल घ्या आणि कागदाच्या लांब कडेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. कोपरे नीट झूम करून पकडा, झूम केल्याने मापात फरक पडत नाही. आता ॲनालाइझ मेनूत सेट स्केल. तिथे पिक्सेलचा आकडा आपोआप आलेला असेल, समजा 2376. नोन डिस्टन्समध्ये 297 लिहा, युनिट ऑफ लेंग्थमध्ये एमएम, आणि ओके. झालं, 1 मिमीला 8 पिक्सेल. आता टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंत रेघ ओढा आणि कीबोर्डवर एम दाबा. 247 मिमी.

त्याच चौकटीत ग्लोबल नावाची एक टिक आहे. ती करू नका! ती केली की एकाच फोटोची स्केल पुढच्या सगळ्या फोटोंना लागते. पुढच्या गिऱ्हाइकाने फोन दहा सेंमी वर धरलेला असतो आणि आपण आरामात चुकीचे आकडे लिहीत बसतो. सॉफ्टवेअर काही ओरडत नाही. प्रत्येक फोटोला नवी स्केल, कंटाळा आला तरी.

बरेच जण विचारतात की कागदाऐवजी नाणं ठेवलं तर? नको. एक तर आपल्याकडे एकाच किमतीच्या नाण्यांचे आकार वर्षांनुसार बदललेत. दुसरं म्हणजे नाणं फार लहान. 27 मिमीचं नाणं याच फोटोत 216 पिक्सेलचं दिसेल. कड पकडताना 3 पिक्सेल चुकले तर ती सुमारे 1.4 टक्के चूक, आणि पायावर ती साडेतीन मिमी होते. तेच 3 पिक्सेल 2376 मध्ये चुकले तर अर्धा मिमीसुद्धा नाही. जे मोजायचं त्याच्याएवढीच किंवा त्याहून लांब वस्तू स्केलसाठी घ्या.

आता माझी फजिती. न्यू जर्सीच्या एका ताईंची ऑर्डर होती. कागद, रेघ, फोटो, सगळं व्यवस्थित. मी 297 टाकलं, पाय आला 266 मिमी. मोठा वाटला, पण असतात काहींचे. जोड तयार करून पाठवला आणि त्यांचा मेसेज आला, दादा, यात माझे दोन पाय मावतील. झालं असं की अमेरिकेत घराघरात ए-फोर नसतो, लेटर साइजचा कागद असतो, 279.4 बाय 215.9 मिमी. मी 279 ला 297 म्हटलं, म्हणजे सगळं 6 टक्क्यांनी फुगलं. पाय खरा 250 चा. जवळजवळ दोन नंबरांचा घोळ. परत मागवायचा कुरिअर खर्च चपलेपेक्षा जास्त, म्हणून तो जोड तिकडेच राहिला आणि दुसरा आम्ही पदरचे पैसे घालून पाठवला.

हे त्याच दिवशी पकडता आलं असतं, एका मिनिटात. लांबीवरून स्केल सेट केल्यावर कागदाची रुंदी मोजायची. ए-फोर असेल तर 210 यायला हवी. त्या फोटोत मी मोजली असती तर 229 च्या आसपास आली असती. म्हणून आता माझा नियम: ज्यावरून स्केल घेतली ते सोडून दुसरं काहीतरी माहीत असलेलं मोजल्याशिवाय पायाला हात लावायचा नाही.

हीच तपासणी तिरका फोटोही पकडते. कागदाची रुंदी वरच्या कडेला मोजा, खालच्या कडेला मोजा. फोन वाकडा धरला असेल तर एक बाजू 210 आणि दुसरी 203 येते. 2 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर मी नवीन फोटो मागतो, भीड न ठेवता. कागद स्कॅन करणाऱ्या ॲपमधून आलेला फोटो तर मी घेतच नाही. ती ॲप कागद सरळ करताना ताणतात, कधी लेटरचा ए-फोर करून टाकतात, आणि मग आपली रुंदीची तपासणीही फसते.

उलट, व्हॉट्सॲपने फोटो लहान केला तर घाबरायचं कारण नाही. कागदही लहान होतो, पायही तेवढाच लहान होतो, स्केल फोटोतच आहे. फक्त कड जरा धूसर दिसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं तर उत्तम.

आता पेन्सिल. 7 मिमी जाडीची पेन्सिल पायाला टेकवून उभी धरली तर तिचं टोक पायापासून साडेतीन मिमी लांब राहतं. टाचेला साडेतीन, बोटाला साडेतीन, म्हणजे रेघ पायापेक्षा 7 मिमी लांब. वरच्या उदाहरणातला 247 चा पाय खरं तर 240 चा. सॉफ्टवेअर इथे बरोबरच मोजतंय, रेघच मोठी आहे. मी 7 वजा करतो आणि गिऱ्हाइकाला साधी लाकडी पेन्सिलच वापरायला सांगतो, जाड मार्कर नाही. चपलेला पुढे-मागे किती जागा सोडायची हे मात्र कारागिरावर सोपवा.

सुरुवातीला स्वतःची परीक्षा घ्या. स्वतःचा पाय काढा, पट्टीने मोजा, मग त्याच कागदाचे पाच फोटो वेगवेगळ्या उंचीवरून काढून प्रत्येकात नव्याने स्केल लावून मोजा. पाचही आकडे 2 मिमीच्या आत आले तर ऑर्डर घ्यायला हरकत नाही. आणि एक्सेलमध्ये प्रत्येक ऑर्डरला चार रकाने ठेवा: स्केल, रुंदीची तपासणी, मोजलेलं माप, वजा करून आलेलं माप. तक्रार आली की चूक माझी, पेन्सिलची की कारागिराची, ते लगेच कळतं.

मी गिऱ्हाइकांना जो मेसेज पाठवतो तो देतो, हवा तर तसाच वापरा:

"नमस्कार. कोऱ्या कागदावर उभे राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून, लाकडी पेन्सिल उभी धरून पायाची रेघ काढा. दोन्ही पाय, दोन वेगळे कागद. रेघेच्या शेजारी पट्टीने बरोबर 20 सेंमीची रेघ ओढा, पट्टीच्या कडेपासून नाही, शून्यापासून. कागद फरशीवर सपाट ठेवून बरोबर वरून, साधारण कंबरेच्या उंचीवरून, वाइड लेन्स न वापरता फोटो काढा. चारही कोपरे दिसू द्या. कागद ए-फोर आहे की लेटर, तेही कळवा."

ती 20 सेंमीची रेघ न्यू जर्सीनंतर वाढवलेली आहे.