पानाचा स्पर्श आणि यंत्राची बुद्धि

कलाकृति पाहावी, तिला हात लावूं नये, हा संग्रहालयांतील नेहमींचा नियम होय. परंतु येथें आम्ही जिच्याविषयीं लिहीत आहों, ती हात पुढें केल्यावांचून पुरीच होत नाहीं.

१९९२ सालीं क्रिस्टा सोमरर व लॉरां मिन्योनो या कलावंतांनीं पांच जिवंत रोपें संगणकास जोडलीं. प्रेक्षकानें पानाजवळ हात नेला कीं, त्याच्या देहांतील व रोपांतील विद्युद्दाबाचा सूक्ष्म फरक मोजला जातो, आणि समोरच्या पडद्यावर नेचे, वेली व शेवाळ यांचीं चित्रें वाढूं लागतात. हात जवळ आला वा दूर गेला, त्याप्रमाणें त्यांचें रूप बदलतें.

चेतविल्यास साध्या वनस्पतींतहि विद्युत्-प्रतिसाद उमटतो, हें जगदीशचंद्र बसु यांनीं १९०१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रयोगांनीं दाखविलें होतें. मानवी मेंदूंतील विद्युल्लहरींचें पहिलें टिपण जर्मनींत हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं घेतलें. पुढें १९६५ सालीं अमेरिकन संगीतकार अ‍ॅल्विन ल्यूसिए यांनीं स्वतःच्या मेंदूच्या लहरी वाढवून त्यांच्या कंपनानें तालवाद्यें वाजविलीं. त्यासाठीं डोळे मिटून अगदीं स्वस्थ बसावें लागे.

या दोन धाग्यांत आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचा तिसरा धागा मिळाला आहे. १९९२ च्या कृतींत वाढीचे नियम माणसांनीं आधींच लिहून ठेविले होते. हल्लींचें यंत्र असंख्य नमुन्यांतील साम्य शोधून नियम स्वतःच बसवितें, आणि आलेल्या लहरीवरून रंग, नाद वा आकृति ठरवितें.

येथें मात्र सावध असावें. यंत्रांतून नाद निघाला, म्हणून झाड बोललें असें होत नाहीं. मोजला गेला तो विद्युद्दाब. त्यास आनंद वा दुःख हें नांव दिलें माणसानें. पान ओलें असलें किंवा तार सैल झाली, तरीहि आंकडा बदलतो. वैद्यानें नाडी पाहिली, एवढ्यावरून रोग्याचें मन त्यास कळलें असें आपण म्हणतों काय?

मग या कलेचा लाभ कोणता? ज्या रोपाजवळून आपण रोज न पाहतां जातों, त्याच्यापुढें ती आपणांस क्षणभर थांबविते, आणि आपला हात दुसऱ्या जिवापर्यंत पोंचतो हें डोळ्यांस दाखविते. देवानें आपली सृष्टि माणसाच्या हातीं सांभाळावयास दिली आहे, असें आम्ही मानतों. तो हात हळुवार करणारी गोष्ट यंत्रांतून आली, तरी ती स्वीकारावी. रोपास पाणी घालण्याचें काम मात्र आपलेंच आहे. तें कोणताहि पडदा करणार नाहीं.