गाडी मागे येतेय, बाजूला व्हा!

दोस्तांनो, सोसायटीच्या आवारात क्रिकेट रंगात आलंय आणि चेंडू नेमका उभ्या मोटारीमागे घरंगळला. तेवढ्यात मोटारीचा मागचा पांढरा दिवा लागला. आता काय कराल? धावत जाऊन चेंडू उचलाल? छे, मुळीच नको!

पांढरा दिवा म्हणजे चालकाने रिव्हर्स गिअर टाकलाय, गाडी मागे येणार. जोडीला पिवळा दिवा लुकलुकला, तर गाडीची मागची बाजू कुठे वळणार तेही कळतं. डावा लुकलुकला तर डावीकडे, उजवा तर उजवीकडे. दोन्ही एकदम लुकलुकले, तर त्याचा अर्थ एवढाच : सावध राहा!

पण इशारा दिला म्हणजे चालकाला तुम्ही दिसलात, असं नाही हं! मागच्या काचेपेक्षा ठेंगणं मूल गाडीला खेटून असेल, तर ते त्याला दिसतच नाही.

म्हणूनच लायसन्सच्या परीक्षेत गाडी सरळ चालवून भागत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार योग्य वेळी इशारा देणं आणि गाडी मागे घेत डावीकडे किंवा उजवीकडे अरुंद जागेत नीट घालणं, हेही करून दाखवावं लागतं. मोटारीसाठी ही परीक्षा १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच!

आईबाबांनो, गाडी मागे घेण्यापूर्वी एकदा मागे फेरी मारून बघा. आरशात सगळं दिसत नाही.

आणि चेंडू? गाडी गेल्यावर उचला. फुटलाच, तर नवा आणता येतो!