फटीची भिंत

"आबा, कोकणातल्या पोरांना समुद्र. आपल्याला काय?" साक्रीहून निघतानाच धाकट्याने तोंड वाकडं केलं.

अरे, समुद्रही येऊन गेलाय इकडे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी त्याचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. धार जिल्ह्यातल्या बाघच्या खडकात आजही शिंपले सापडतात. समुद्र हटला, आणि पुढे आग आली. तीच बघायला निघालोय. बाटल्या भरा, पौष असला तरी ऊन खानदेशचं आहे.

ती बघा निजामपूरकडची काळी भिंत. टेकडीच्या पाठीवरून थेट पलीकडे गेलीय. भामेरचा किल्ला जवळ, म्हणून वाटतं एखाद्या राजानेच बांधली. पण ही मुळात फट होती रे!

ही कळण्याची भाकरी धरा. तू उत्तरेकडे ओढ, तू दक्षिणेकडे. चीर कशी गेली? पूर्व-पश्चिम. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमीन अशीच ताणली गेली आणि फटींतून तापलेला रस वर चढला. बाहेर उतू गेला, त्याचे थरावर थर बसले. फटीत राहिला, तो तिथेच थिजला. मग भोवतालचा खडक झिजून गेला, हा चिवट उरला. धुळे-नंदुरबारात अशा शेकडो भिंती, बहुतेक तापीला समांतर. (ओढलीत ती भाकरी आता खा, टाकायची नाही.)

कडेला बोट फिरव. दाणा दिसतही नाही. थंड खडकाला टेकलेला रस झटक्यात गोठला, दाणा वाढायला सवडच नाही. मध्यावर बघ, भरड. खडीसाखरेला दिवस लागतात, तसंच. आणि हे आडवे खांब, सरपण रचल्यासारखे! लाव्हा सपाट पसरला की त्याला गारवा वरून-खालून लागतो, खांब उभे फुटतात. इथे गारवा दोन्ही अंगांनी आला, म्हणून ते आडवे.

भिंतीच्या खालच्या अंगाची विहीर ठणठणीत कोरडी होती. धाकटा पळत वरच्या अंगाला गेला, तिथल्या विहिरीत खडा टाकला.

डुबुक.

"आबा, पाणी!"

असणारच. ही भिंत जमिनीखालीही उतरलीय. वरून पाझरत आलेलं पाणी तिला अडतं. जिथे ती फार चिरलेली असते, तिथे मात्र तिच्यातूनच वाट काढतं.

त्याने दुसरा खडा उचलला.