जामीनदाराची सही

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी पुतण्याला फोन केला. काम तातडीचे नव्हते. घरपट्टीची जुनी पावती सापडत नव्हती, ती त्याच्याकडे आहे का, एवढेच विचारायचे होते. त्याने फोन घेतला तेव्हा मागे वाऱ्याचा आणि हॉर्नचा आवाज येत होता. "काका, गाडीवर आहे. बोला ना," तो म्हणाला. त्या क्षणी मी फोन ठेवायला हवा होता. मी म्हणालो, "एकच मिनिट." ते मिनिट काही पुरे झाले नाही. काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला, पाठोपाठ पत्रा आपटल्याचा, आणि मग माणसांची आरडाओरड.

मान वाकडी करून, खांद्याशी फोन दाबून तो मोटरसायकल चालवत होता. सायकलवरून रतीब घालायला निघालेल्या एका दूधवाल्याला त्याची धडक बसली. पुतण्याच्या खांद्याजवळचे हाड मोडले, दूधवाल्याचा गुडघा. जिवावरचे गुडघ्यावर निभावले, असे लोक म्हणाले. रीतसर गुन्हा नोंदला गेला, पुतण्याला दंड झाला, तीन महिन्यांसाठी परवाना निलंबित झाला. पंचनाम्यात मोडकी सायकल होती, सांडलेले दूध होते, फुटलेला मोबाईल होता. त्या मोबाईलच्या दुसऱ्या टोकाला असलेला मी तेवढा कुठेच नव्हतो.

तेव्हापासून या दंडाच्या कायद्याकडे मी जरा बारकाईने पाहू लागलो. आयुष्य बँकेत कर्जाची कागदपत्रे वाचण्यात गेल्यामुळे कलमांची भीती वाटत नाही. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी. म्हणजे कायदा आधीचा, उपद्रव नंतरचा. धोकादायक वाहन चालवण्याविषयीच्या कलम १८४ मध्ये हातात धरायच्या संपर्कसाधनाचा स्पष्ट उल्लेख आला तो २०१९ च्या दुरुस्तीने. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून एक सवलतही आहे : रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येतो, पण चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

कागदावर हे सारे कडक आहे. पण दंडाचा धाक त्याच्या आकड्यात नसतो, तो वसूल होण्याच्या खात्रीत असतो, हे मी बँकेत शिकलो. थकबाकीदारांसाठी एकरकमी परतफेडीची योजना निघाली की नियमित हप्ते भरणारा एखादा शेतकरी काउंटरशी येऊन विचारायचा, "साहेब, मग आम्हीच वेडे का?" त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नसे. आज थकलेली चलाने लोकअदालतीत कमी रकमेवर मिटतात, तेव्हा मला तोच शेतकरी आठवतो. चलान आले तरी घाई नको, पुढे सूट मिळेलच, हा हिशेब आपल्याकडे शाळकरी पोरालाही येतो.

ब्रिटनने यात वेगळी वाट धरली. तिथे १ डिसेंबर २००३ रोजी बंदी आली तेव्हा दंड होता अवघा ३० पौंड. २०१७ पासून तो २०० पौंड झाला, आणि त्याच्या जोडीला परवान्यावर सहा दोषगुण. परवाना मिळून दोन वर्षे झाली नसतील, तर एवढ्या गुणांवर तो रद्दच होतो. पैसा पुन्हा कमावता येतो, परवाना सहज मिळत नाही. तरी पळवाट निघालीच. गाडी चालवता चालवता अपघाताचे चित्रीकरण करणारा एक चालक २०१९ मध्ये उच्च न्यायालयात सुटला, कारण चित्रीकरण म्हणजे संभाषण नव्हे! मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून ती फट बुजवावी लागली.

हात मोकळे असले म्हणजे झाले, असे मानणारेही पुष्कळ आहेत. टोरांटोतील ६९९ चालकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि फोन हातात न धरताही तो कमी झालेला दिसत नाही, असे त्यात आढळले. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून अधिक पुढे जाते. तीन सेकंद मन दुसरीकडे गेले, तर पन्नास मीटर रस्ता आपण न पाहता पार केलेला असतो. हात मोकळे असून उपयोग काय?

आणि ते मन दुसरीकडे नेणारा कोण? बँकेत कर्जाच्या कागदावर जामीनदाराची सही घेताना मी त्याला हटकून बजावत असे, "बाबा, ही नुसती ओळख नाही. कर्जदाराइतकीच जबाबदारी तुझी." १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ तेच सांगते. चालत्या गाडीवरचे संभाषणही दोघांचे असते. "गाडीवर आहे" हे कळल्यावरही जो "एकच मिनिट" म्हणतो, त्याने जामीनदाराची सही केलेली असते. त्याला शिक्षा करणारे कलम नाही, आणि ते व्हावे असेही मी म्हणत नाही. ते सिद्ध कसे करणार? पण म्हणून सही पुसली जात नाही.

दूधवाला सहा आठवडे अंथरुणावर होता. उपचाराचा खर्च आम्ही केला, पण रतीब तुटले. काही घरांनी पिशवीचे दूध सुरू केले, ते परत फिरले नाहीत. पुतण्याने भरलेला दंड सरकारी तिजोरीत गेला, त्यातला रुपयाही याच्यापर्यंत आला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने सहज विचारले, "एवढं कुणाचं महत्त्वाचं बोलणं चाललं होतं हो?" मी म्हणालो, "माझं." आणि पावतीचे सांगून टाकले. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सापडली का पावती?"

पावती माझ्याच कपाटात होती.

आता कुणालाही फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गाडीवर नाहीस ना?" होय म्हटले, की मी पुढचे ऐकत नाही, फोन ठेवतो. नातेवाईक म्हणतात, काका तुसडे झाले. म्हणोत बापडे.