बार्शी लाईट : स्वस्त रूळ, महाग हमाली

मराठवाड्यात रेल्वे आली ती वेगवेगळ्या मापांची. नांदेडला 1900च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मार्गाची मीटरगेज आली. लातूरच्या वाट्याला त्याहूनही अरुंद, अडीच फुटी रूळ आले. मुलूख निजामाचा, पण गाडी लंडनमध्ये नोंदलेल्या खासगी कंपनीची. लोकांच्या तोंडी ती ‘बार्शी लाईट’.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला. हलक्या रुळांवरून भरपूर माल न्यायचा, हे त्याचे गणित. इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्यातल्या इंजिनांना ओढणारी आठ चाके आणि त्यामागे आणखी चार.

1906 मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांची झाली. लातूरकडे जायचे तर बालाघाट आडवा होता. पांगरी सोडली की चढण लागे. रामलिंगच्या झाडीतून वळणे घेत, धापा टाकत गाडी येडशीच्या पठारावर येई. 1911 मध्ये ती लातूरला आली, 1927 मध्ये दुसरे टोक मिरजेला भिडले. लातूरच्या आडत बाजाराला मुंबईची वाट मिळाली.

पण स्वस्तात आलेल्या या रेल्वेची किंमत लातूरने पुढे जवळजवळ शंभर वर्षे हमालीत मोजली. मुंबईला जाणारा माल कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतून उतरवायचा आणि रुंद रुळांवरच्या मोठीत भरायचा. वेळ जाई, पोती फाटत, मजुरी वाढे. 1954 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, तरी रूळ तेवढेच राहिले.

कुर्डुवाडी–लातूर रुंदीकरण 2008 मध्ये पुरे झाले. मार्ग वळवून उस्मानाबाद, आजचे धाराशिव, जोडले गेले आणि रामलिंगचा जुना घाट सुटला. पुढे पंढरपूर–मिरज पट्टाही रुंद झाला.

एप्रिल 2016 मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. राजस्थानातल्या कोट्याला धुऊन सज्ज केलेल्या त्या वाघिणी थेट लातूरपर्यंत आल्या. हाच दुष्काळ दहा वर्षे आधी पडला असता, तर मिरज–पंढरपूरच्या अडीच फुटी रुळांवर त्या चालल्याच नसत्या.